बियास कुंड, भृगु, चंद्रताल : घोडा बकरथाचलाच थांबतो

आधी पैशाचं सांगतो, डोकं अजून तिथंच अडकलंय. बियास कुंड या डोंगरातल्या तळ्याला जायला मनालीहून पहाटे गाडी करून धुंदीला उतरलो, चाल तिथूनच सुरू होते, तर घोडेवाला हजर. "साब, सीधा कुंड तक." एका घोड्याचे 2,000. आम्ही चौघं, दोन घोडे ठरवले. सामान त्यावर आणि ज्याचा गुडघा बोलेल तो त्यावर. बकरथाचला कुरण संपलं आणि घोडा उभा राहिला. पुढं दगडच दगड, घोडा जातच नाही. हे त्याला धुंदीतच माहीत होतं. पैसे परत मागितले तर म्हणतो, "कुंड तो बस सामने है."

सामने म्हणजे हिमनदीनं आणून ओतलेला धोंड्यांचा ढीग. त्याला मोरेन म्हणतात. नकाशावर बोटभर अंतर, आम्हाला पावणेदोन तास लागले. मोठा धोंडा भक्कम दिसतो म्हणून पाय ठेवावा, तर तोच डुलतो. खालून पाणी वाहिल्याचा आवाज येतो, पाणी कुठं दिसत नाही. आम्ही तीन महिने रोज पहाटे सोलापुरात कंबर तलावावर चाललो होतो. दम टिकला, पण सपाटीवर चालून घोटे तयार होत नाहीत. घोटा झाकणारे बूट आणि दोन काठ्या नसतील तर बकरथाचलाच डबा खाऊन परत फिरा, लाज वाटून घेऊ नका.

आणि कुंड? साधारण 3,700 मीटरवर हिरवट पाण्याचं डबकं. आपल्या सिद्धेश्वर तलावाच्या एका कोपऱ्यात मावेल. कडक भाकरी बॅगेत चुरा झाली होती, त्यावर शेंगा चटणी टाकून चमच्यानं खाल्ली. वारा इतका की निम्मी चटणी उडून मित्राच्या चष्म्यावर. तरी सांगतो, तिथं बसल्यावर घोड्याचे पैसे अर्धा तास विसरलो होतो.

परतीची घाई करा. दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात. सकाळी बूट न काढता ओलांडलेला ओढा तीन वाजता गुडघ्यापर्यंत आला होता. सहाला चालायला लागा.

मधला दिवस मनालीजवळच्या वशिष्ठच्या गरम पाण्याच्या कुंडात गेला. छान गेला.

भृगु तलाव "सोपा, एका दिवसाचा" म्हणून विकतात. गुलाबाहून निघालो, धोंडे नाहीत, नुसता गवताचा चढ, पण एक टेकाड संपलं की मागं दुसरं उभं. तलाव 4,200 मीटरच्या वर. दोनच्या सुमाराला गारा आल्या, आडोसा कुठंच नाही. जाऊन येऊन बारा तास. माझं मत, वर एक रात्र तंबूत काढा. एकाच दिवसात करायचा हट्ट असेल तर दुपारी बाराला जिथं असाल तिथून मागं फिरा. गुलाबा रोहतांगच्या रस्त्यावर आहे, गाडीच्या परमिटचं आधी बघा.

चंद्रताल शेवटीच ठेवा, पहिल्या दिवशी मुळीच नको. मनाली 2,050 मीटर, चंद्रताल 4,250च्या आसपास, आणि आपण साडेचारशे मीटरवरून आलेली माणसं. अटल बोगद्याचे 9 किलोमीटर लोण्यासारखे जातात. पुढं ग्रांफू फाट्यानंतर रस्ता म्हणजे नदीचं पात्रच. बातलपासून चंद्रतालपर्यंतचे 14 किलोमीटर तर कंबर मोडतात. आधी चार दिवस उंचीवर फिरूनही आमच्यातल्या एकाचं डोकं रात्रभर ठणकलं. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, सोलापुरातच डॉक्टरांना विचारून घ्या, तिथं जाऊन औषधाची दुकानं शोधू नका.

तलावाकाठी तंबू लावू देत नाहीत, मुक्काम अलीकडेच. मालक "सब मिलेगा" म्हणाला होता, मिळालं ते ओलसर ब्लँकेट. मी हौसेनं सोलापुरी चादर नेली होती. अंथरायला उत्तम. पांघरायला स्लीपिंग बॅगच न्या.