साबुदाण्याची पेज, मोडाची नाचणी आणि अखेर ओलांडलेला सत्तावीसावा किलोमीटर

मुंबई मॅरेथॉनच्या तयारीत रविवारी 32 किलोमीटर पूर्ण झाले, आणि पोट शेवटपर्यंत शांत राहिलं. नाशिकच्या जेहान सर्कलवरून गिरणाऱ्याच्या दिशेने 16, तिथून वळून परत. गेल्या तीन लाँग रनना ज्या टप्प्यात कळ यायची, तो सोमेश्वरच्या आसपासचा रस्ता या वेळी कधी मागे पडला ते कळलंही नाही. शेवटच्या पाच किलोमीटरची पेस किलोमीटरला 6 मिनिटं 10 सेकंद, म्हणजे सुरुवातीला होती तीच. घरी आल्यावर जिन्यात बसून राहिलो आणि खरंच डोळे भरून आले.

मागच्या नोंदीत पळताना खायच्या बेदाणे-खजुराच्या लगद्याबद्दल मी फार उत्साहाने लिहिलं होतं. तो प्रयोग आता बंद. बेदाणा नाशिकच्या मातीतला, स्वस्त आणि चवीला उत्तम, म्हणून त्याच्यावर जीव जडला होता. पण हिशेब नीट मांडला तेव्हा चूक दिसली. शंभर ग्रॅम बेदाण्यात जवळपास 79 ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यातली साखर साधारण निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. ग्लुकोज आतड्यातून तासाला साधारण 60 ग्रॅमपर्यंत शोषला जातो. फ्रुक्टोजची वाट वेगळी, आणि ती बरीच अरुंद. मी तासाला 75 ग्रॅम बेदाणे खात होतो, वर खजुराचा चोथा, आणि घोट घेत होतो तो साध्या पाण्याचा नव्हे तर गोड इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे क्षार घातलेल्या पेयाचा. पळताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, आतड्याच्या वाट्याला थोडंच येतं. अशा वेळी इतकी दाट साखर आत गेली की ती पचण्याऐवजी अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेते. सत्तावीसाव्या किलोमीटरला मला जे होत होतं, ते हेच.

म्हणून पिष्टाकडे, म्हणजे स्टार्चकडे वळलो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, चोथा नाही, स्निग्ध नाही. उपासाला तो पोटाला चालतो, तर रनला का नाही चालणार? ठरवलं होतं ते असं: तासाला 50 ग्रॅम कर्बोदकं, त्यातली 30 साबुदाण्याच्या पिठीतून (पिठी 35 ग्रॅम) आणि 20 साखरेतून, वर एक ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास 390 मिलिग्रॅम सोडियम. कागदावर सुरेख.

प्रत्यक्षात मात्र खळ झाली. कपड्यांना घालतात तीच. रात्री केलेली पेज पहाटेच्या गारठ्यात सॉफ्ट फ्लास्कमध्ये (दाबून प्यायच्या मऊ बाटलीत) अशी थिजली की दाबून दाबून हात दुखले, तोंडाशी गोळा अडकला तो अडकलाच. पातळ करावी तर तासाला पाऊण लिटर पेज पोटात जाते आणि प्रत्येक पावलाला डचमळते. तांदळाची करून पाहिली, तीही तशीच. इगतपुरीकडचा इंद्रायणी वापरला तेव्हा तर अजूनच चिकट झाली. गाळली, मिक्सरमधून काढली, लिंबू पिळलं. तीन आठवडे यात गेले. एका रविवारी तर फ्लास्क उघडलाच नाही, 24 किलोमीटर नुसत्या पाण्यावर काढले.

उत्तर घरातच होतं. वहिनी आठ महिन्यांच्या पुतणीसाठी पेज करत होत्या. माझी तक्रार ऐकून म्हणाल्या, "भाऊजी, मोडाच्या नाचणीचं पीठ चमचाभर घाला की! दाट पेज पाण्यासारखी होते. बाळाला वाटीभर पाणी पाजण्यापेक्षा वाटीभर अन्न जातं पोटात."

धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं, मग पेज पातळ होते, पण त्यातली ताकद तेवढीच राहते. धावपटूंच्या महागड्या पावडरींमध्ये जे माल्टोडेक्स्ट्रिन असतं, तेही पिष्टाच्या साखळ्या तोडूनच बनवतात.

पहिल्या दोन खेपा तरीही फसल्या. एकदा पीठ उकळत्या पेजेत टाकलं. त्या उष्णतेत अमायलेज मरतं. दुसऱ्यांदा बाजारातून आणलेलं तयार सत्त्व वापरलं, ते खमंग भाजलेलं निघालं. भाजलं की तेच. भद्रकालीतल्या दुकानदाराला "न भाजलेलं आहे का" विचारलं तर तो हो म्हणाला होता, वास घेतल्यावर खरं कळलं. आता घरचंच करतो: नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधायची (या थंडीत मोड यायला तीन दिवस लागले), गच्चीत कडक वाळवायची, मोड चोळून काढायचे आणि बारीक दळायची. ज्वारीचे मोड कोणी वापरू नका. त्यात डुरिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. नाचणीच बरी.

तिसऱ्या खेपेला थर्मामीटर लावून बसलो. पेज 65 अंशांवर उतरली, सपाट चमचाभर पीठ घातलं, ढवळत राहिलो. पाच मिनिटं काहीच नाही. मग चमच्याला लागणारा जोर हळूहळू कमी झाला, आणि दहाव्या मिनिटाला आधी उभा राहणारा चमचा भांड्याच्या कडेला जाऊन आडवा पडला! वहिनींना हाक मारून दाखवलं. मग लगेच एक उकळी दिली, म्हणजे काम तिथेच थांबतं. न थांबवलं तर साखळ्या तुटत राहतात, पेज गोड होते आणि पुन्हा आतड्यात पाणी ओढणारी होते. साखर-मीठ त्यानंतर. 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये सगळे 50 ग्रॅम बसले आणि सकाळी अगदी सरळ ओतता आले.

रविवारी दोन फ्लास्क कमरेच्या पट्ट्यात होते, तिसरा दुगावजवळच्या ओळखीच्या टपरीवर थंड पेटीत ठेवला होता, परतताना उचलला. चाळिसाव्या मिनिटापासून दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट आणि वर साधं पाणी, फक्त साधं. शनिवारी रात्रीची उसळही टाळली होती, त्यामुळे श्रेय सगळं पेजेला देता येत नाही. पुढच्या रविवारी उसळ खाऊन पाहणार होतो, पण शर्यत इतकी जवळ असताना नको. त्याऐवजी बुधवारच्या 14 किलोमीटरला 60 ग्रॅमवर जाऊन पाहतो. आतड्याला सराव हळूहळूच द्यावा लागतो.

धावताना खायच्या तयार एनर्जी जेलबद्दल पुन्हा विचारणा झाली आहे. मी दोन पाकिटं अडीअडचणीला ठेवतो, पण त्यांच्यावर भरपूर पाणी लागतं आणि धावताना ते नेहमी हाताशी नसतं. आणि ओआरएसवर मॅरेथॉन काढू पाहणाऱ्यांनी एवढं बघावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला 13.5 ग्रॅमच ग्लुकोज आहे. ते पाणी आणि क्षार भरून काढायला आहे, इंधन म्हणून नाही.

हे लिहितानाच एक सुचलं. बेदाणा पूर्ण का सोडायचा? साखरेच्या जागी 25 ग्रॅम बेदाणे रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून घ्यायचे. चोथा फडक्यात राहील, साखर पाण्यात उतरेल, फ्रुक्टोज दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साखरेतून येत होता तेवढाच. पिंपळगावचे बेदाणे घरात आहेतच. मग बुधवारी 60 ग्रॅम नको, 50 वरच हा बदल करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आता राहिला मुंबईचा प्रश्न. पेज फ्रीजबाहेर टिकत नाही, आंबते, आणि सुटणं पहाटेच आहे. आधी वाटलं, बर्फाच्या डब्यात घालून नाशिकहून न्यावी. पण गाडीला उशीर झाला तर सगळं वाया. पेडर रोडच्या चढावर मला कुठलीच शंका नको आहे. त्यामुळे मोडाचं पीठ, साबुदाण्याची पिठी आणि मीठ पुड्या बांधून नेणार, आणि शनिवारी संध्याकाळी दादरला मावशीच्या ओट्यावर शिजवणार. तिला फोन झाला आहे. मोठं पातेलं काढून ठेवते म्हणाली. थर्मामीटर तिच्याकडे नाही, तो बॅगेत आत्ताच टाकला.