आगगाडी उलटी करा, मग फोटो काढा

खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांचे फोटो गोळा करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, "आमच्याकडे होती एक, चावीची." हे 'होती' बहुतेक वेळा 'आहे' असतं. माळ्यावर, पितळेच्या भांड्यांमागे, बुटांच्या खोक्यात. ती खाली काढायला लावायची, फोटो मिळवायचा, गाडी कुठली आणि केव्हाची ते शोधायचं आणि फोटो जाणकारांपर्यंत पोचवायचा, एवढाच माझा उद्योग. गाड्या विकत घ्यायची ऐपत नाही. शिवाय डोंबिवलीच्या घरात त्या ठेवणार कुठे?

गाडी मिळते, पण कामाचा फोटो मिळता मिळत नाही. सगळ्यांचा फोटो एकाच साच्यातला: शोकेसमध्ये, काचेबाहेरून, फ्लॅश मारून, आणि मागे गणपती. दिसतो छान, पण त्यावरून काहीच ठरत नाही.

आईचे एक मावसभाऊ मिरजेला असतात. त्यांच्याकडे लाल रंगाचं चावीचं इंजिन आहे, अंगावर ३४३५ हा आकडा. त्यांना फोन केला.

"मामा, इंजिन उलटं धरून एक फोटो पाठवा ना."

"उलटं? अगं, खाली नुसता पत्रा आहे. त्यात काय बघायचंय?"

"तो पत्राच बघायचाय."

मामांनी कुरकुरत का होईना, पाठवला. मग केबिनचा, चावीच्या भोकाचा, खोक्याच्या कडेचा, असे एकेक करत सगळे आले. केबिनमधून दोन बारीक दांड्या बाहेर येतात, एक ब्रेकची आणि एक पुढे-मागे करायची. हे हॉर्नबीचं एम-वन. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली मेकॅनोचं, म्हणजे पट्ट्या नट-बोल्टने जोडायच्या खेळण्याचं, पेटंट घेतलं आणि १९२० मध्ये आगगाड्या बाजारात आणल्या. पहिल्या गाड्या मेकॅनोसारख्याच नट-बोल्टच्या, खोलून पुन्हा जोडता येणाऱ्या. एम-वन त्यामानाने साधं आणि स्वस्त, छापील पत्र्याचं. मामांना मात्र इंजिनापेक्षा डब्याचं जास्त अप्रूप. "त्याच्यावर बाईचं नाव आहे बघ, मार्जोरी." खऱ्या पुलमन, म्हणजे आलिशान गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांना इंग्लंडात बायकांची नावं देत, म्हणून खेळण्यातल्या डब्यालाही, एवढंच. पण मामी अजून त्या मार्जोरीची चौकशी करतात.

या छापील पत्र्याबद्दल थोडं सांगायला हवं. रंग आधी सपाट पत्र्यावर छापतात, मग पत्रा कापून, वाकवून त्याचा डबा करतात. कडांना बारीक जिभा ठेवलेल्या असतात, त्या समोरच्या खाचेत घालून मुडपतात. खेळणं कधी कोणी उघडलं असेल तर ते याच जागी कळतं. जीभ सरळ करून पुन्हा वाकवली की घडीवरचा रंग उडतो आणि पांढुरकी रेघ दिसते. माझ्या लेखी समोरच्या दहा फोटोंपेक्षा या एका जिभेचा फोटो मोलाचा. चमक घालवायला फ्लॅश बंद, गाडी खिडकीशी, आणि काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा. फोन गाडीला चिकटवायचा नाही, दोन हात लांब राहून झूम करायचं, नाहीतर इंजिनाचं नाक फुगलेलं येतं. आणि स्पिरिटने पुसायचं नाही, म्हणजे नाहीच. मऊ ब्रशने धूळ झटका आणि सोडून द्या. ऐंशी वर्षांची धूळ चालते, पण उडालेला आकडा परत येत नाही.

गाडीखालचा मजकूरही वाचायचा असतो. 'यूएस झोन जर्मनी' असं असेल तर खेळणं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या जर्मन भागात बनलेलं. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर तसंच ताब्यातल्या जपानमधलं, साधारण १९४७ ते १९५२ मधलं. कधी कधी खोक्याच्या कडेला छपाईचा बारीक आकडा असतो, त्यात महिना आणि वर्ष दडलेलं असतं. अर्थात खोकी बदलतात. एकाची गाडी दुसऱ्याच्या खोक्यात, हे तर घरोघरी.

रूळ असतील तर त्यांच्यावर शाळेची पट्टी आडवी ठेवून फोटो मागवते. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ३२ मिलिमीटर भरले तर ओ गेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). साडेसोळा भरले की पंचाईत, कारण त्या रुळांवर एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची, १:८७ ची गाडीही धावते आणि ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६ चीही. तिथे इंजिन मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. हे मला वाचून उमगत नव्हतं. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभ्या केलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात चालत्या गाड्या डोळ्यांनी बघितल्या, तेव्हा प्रमाण म्हणजे काय ते डोक्यात शिरलं.

सगळ्यात जीव गुंतला तो परळच्या एका ताईंच्या इंजिनात. निळं, निमुळत्या नाकाचं, 'सर नायजेल ग्रेस्ली', आकडा ४४९८. हॉर्नबीच्या कंपनीने १९३८ मध्ये डब्लो नावाने छोट्या मापाच्या गाड्या काढल्या, त्या पहिल्या खेपेतलं हे मॉडेल. शोकेसमधल्या फोटोत झकास. बाजूने, टॉर्च जवळजवळ आडवा धरून फोटो काढायला सांगितला, तर बॉडीवर शाईच्या पेनाने ओढल्यासारखे तडे, आणि खालची कड किंचित कमानदार झालेली. ही इंजिनं जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असत. त्यात शिशाचा अंश गेला असला की धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. यावर उपाय नाही. ताईंना हे सांगताना माझाच घसा कोरडा पडला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आत्ताच सगळ्या बाजूंनी काढून ठेवू या." तेव्हापासून दर दिवाळीला त्या त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढतात.

फोटो पुढे पाठवायचे तर मेसेजमधून साधे पाठवून भागत नाही, आकार दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. हे एका ज्येष्ठ काकांना फोनवर समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली. दुसरं म्हणजे, फोटोत घराचं ठिकाण नोंदलेलं असू शकतं. ते काढल्याशिवाय मी काही पुढे देत नाही आणि मालकाचं नावही लिहीत नाही. "पेपरात फोटो आला की चोर येतात" म्हणणाऱ्या आजी अगदीच चुकीच्या नाहीत. चांगल्या स्थितीतल्या गाडीला परदेशात घसघशीत पैसे मिळतात.

सध्या नागपूरच्या एका काकूंकडचा मार्कलिन या जर्मन कंपनीचा विजेवरचा संच चालू आहे. रुळात वीज देणारी मधली तिसरी पट्टी आहे की नुसते ठिपके, यावर तो किती जुना ते ठरेल. सोबतचा जर्मन ट्रान्सफॉर्मर प्लगमध्ये अजिबात घालू नका, इतक्या जुन्या वायरीचा भरवसा नसतो, असं बजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "घालू कशी? त्याची वायर ह्यांनी कापून केव्हाच इस्त्रीला लावली." इस्त्रीचाही फोटो मागवलाय.