अर्धा सूत आत, अर्धा सूत बाहेर

माझी एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, १९७५ सालची. दर्दी लोकांना विचाराल तर घेऊ नये असंच हे साल. अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांपायी कंपनीने १९७४ मध्ये क्रोमचे बंपर काढून काळे रबरी बसवले, गाडी सुमारे इंचभर उचलली आणि वर खर्च वाचवायला पुढचा अँटीरोल बारही, म्हणजे वळणात गाडी झुकू न देणारा दांडा, काढून टाकला. १९७७ च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्ही बार आले. मधल्या दोन वर्षांच्या गाड्या मात्र उंचही आणि बारशिवायही. म्हणूनच मला ती परवडली.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. इथे उन्हाळ्यात रविवारी कुठल्यातरी मोठ्या, रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी कोन मांडून ऑटोक्रॉस चालतं. एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत, जेमतेम एक मिनिट, बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. आपल्या फेऱ्या झाल्या की दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलायला उन्हात उभं राहायचं. हे शेवटचं काम मला फार आवडतं, कारण वळणावर कुणाची गाडी काय करते ते दहा पावलांवरून दिसतं.

माझी काय करते हे मात्र आत बसूनच कळलं. कोनांच्या रांगेतून नागमोडी जाताना उसाच्या ट्रॉलीसारखी झुकायची. डावीकडून सावरेपर्यंत उजवं वळण निघून गेलेलं असायचं.

हिवाळ्यात मी नवशिक्याची चूक केली. सगळं एकदम मागवलं: बुटक्या स्प्रिंगा, पुढे सात सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड बार, मागे दुसरा बार, मागचे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये घालायचे ठोकळे, आणि खालच्या विशबोनला (चाक धरून ठेवणारा फाट्यासारखा दांडा) एमजीबीच्याच व्ही-एट मॉडेलचे बुश. स्प्रिंगा बदलल्यामुळे गाडी स्पर्धेच्या वरच्या, जास्त कडक वर्गात गेली ते वेगळंच.

पुढची स्प्रिंग काढणं हे या गाडीतलं एकमेव काम ज्याला मी खरोखर घाबरतो. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत खालच्या ताटलीवर बसलेली असते. ताटलीचे बोल्ट सरळ काढले तर ती गोळीसारखी सुटेल. म्हणून दोन बोल्टांच्या जागी हातभर लांब, पूर्ण आटे असलेले रॉड घालायचे, खाली जॅक लावायचा, बाकीचे बोल्ट काढायचे, मग दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे सोडत ताटली खाली आणायची. एका बाजूला दोन तास लागले. दुसऱ्या बाजूला चाळीस मिनिटं.

याच गाडीची आणखी एक गंमत म्हणजे पुढचा शॉकॲब्झॉर्बर वेगळा नाहीच. त्याचा दांडाच वरच्या विशबोनचं काम करतो. आत तेल असतं. ते गळालं की गाडी होडीसारखी डुलते. माझा डावीकडचा गळत होता. नव्या स्प्रिंगा आणण्याआधी तो बघायला हवा होता हे मला तो हातात आल्यावर सुचलं.

मे महिन्यात पहिली फेरी. गाडी झुकेना, मी खूश. पण प्रत्येक हळू वळणातून बाहेर पडताना इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. कोन उचलणाऱ्या एकाने फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मागचं आतलं चाक जवळजवळ हवेत होतं. मागचा बार झुकणं थांबवतो, पण ते आतल्या चाकावरचा भार काढून. या गाडीचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग, साधा; त्यामुळे मोकळं झालेलं चाक गरगर फिरतं आणि सगळी ताकद तिथेच वाया जाते. पार्किंगमध्येच पाठीवर झोपून मागच्या बारच्या लिंक सोडल्या आणि बार वायरने बांधून ठेवला. पुढची फेरी १.१ सेकंदांनी कमी. त्यातला काही भाग रस्ता पाठ झाल्याचा असणार, पण वळणातून गाडी निघाली ती खरी निघाली. तेव्हापासून नियम केला: एका दिवशी एकच बदल, आणि तो वहीत. दर वेळी कोनांची मांडणी वेगळी असते, म्हणून स्वतःच्या जुन्या वेळेशी तुलना निरर्थक. मी माझदाची मियाटा चालवणाऱ्या एका मित्राच्या आणि माझ्या वेळेतला फरक लिहून ठेवतो. तो कधी चुकत नाही, हा त्याचा दोष मला उपयोगी पडतो.

जूनमध्ये सांगलीहून बाबा आले. त्यांनी वीस वर्षं पद्मिनी सांभाळली. किंगपिनला (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) ग्रीस, मागे पाटे, सगळं ओळखीचं. मी अलाइनमेंटला गाडी बाहेर न्यायचं म्हणालो, तर म्हणाले, "अरे, दोरी आणि ओळंबा आहे ना? गवंडी घर बांधतो त्यावर."

आधी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालची जमीन तपासली. गॅरेज एका बाजूला उतरतं होतं. तिकडे फरशीचे तुकडे घातले. मग ओळंबा चाकाबाहेर धरून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचं अंतर मोजलं. कारखान्याच्या मापाने पुढची चाकं एक अंश बाहेर कललेली असतात. चौदा इंची रिमवर ते जवळजवळ दोन सूत भरतं. वळणात टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो तो यामुळेच. टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारल्या होत्या, त्या पार खांद्याखालपर्यंत पुसल्या जायच्या. ट्रनियनला, म्हणजे किंगपिनच्या वरच्या सांध्याला, तिरक्या भोकाचे बुश घातले, तेव्हा चाक ओळंब्याला लागलं. खडू आता खांद्यावरच थांबतो, पुढे ३४ पौंड हवा असताना.

टो-इनचं, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत वळलेली असावीत त्याचं, माप पुस्तकात अर्धा ते पाऊण सूत. वळायला चपळ व्हावी म्हणून मी उलट अर्धा सूत बाहेर ठेवला. कोनांमध्ये स्टेअरिंग नुसतं मनात आणलं तरी गाडी वळायची. घरी येताना हायवेवर बाबा दाराची कडी धरून बसले होते.

"ही सरळ जायला काय घेते?"

दुसऱ्या दिवशी दोरी पुन्हा ताणली आणि टो शून्यावर आणला. मियाटावाल्याशी फरक ऑगस्टअखेर साडेचार सेकंदांवरून पावणेतीनवर आला.

मागचा बार गॅरेजच्या भिंतीवर टांगलाय. सुटताना मागचा ॲक्सल अजून थडथडतो. पाटे पीळ खातात, त्यांचे बुश आणून ठेवलेत. पण रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ही गाडी बाहेर काढत नाही, तेव्हा एप्रिलपर्यंत ती स्टँडवरच. बाबा फोनवर विचारतात, किंगपिनला ग्रीस मारलं का. एका बाजूला ग्रीस भरायचे तीन निपल आहेत. डावीकडचा मधला अजून घेत नाहीये.