आमच्या खाडीतला गादा गुलाबी नसतो

आमच्या लॅबमध्ये येणारं काम फारसं रोमांचक नसतं. रबाळे एमआयडीसीतली खासगी लॅब. औषध कंपनीच्या पाण्यात कुठला जंतू वाढलाय, मटण बकऱ्याचंच आहे का, बियाणं अस्सल की नक्कल, असल्या प्रश्नांची उत्तरं डीएनए वाचून द्यायची. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी खोक्यावर 'डॉल्फिन, त्वचा' असं लिहिलेलं पाहिलं, तेव्हा पार्सल चुकून आलंय असंच मला वाटलं.

चुकलं नव्हतं. ठाणे खाडीत एक कुजलेला डॉल्फिन वाहत आला होता. डोकं जवळजवळ गेलेलं, कातडी सोललेली, पाठ फुगलेली. फोटो पाहून कोणी काही सांगू शकत नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, म्हणजे परवानगीच्या कागदाशिवाय त्याच्या कातडीचा तुकडाही हातात धरायचा नाही. कागद होता, पंचनाम्याची झेरॉक्स होती आणि शेवटी एक ओळ : 'प्रजाती निश्चित करून द्यावी.'

खोक्यात दोन गोष्टी होत्या. एक नीट सील केलेली प्लास्टिकची डबी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची लोणच्याची बरणी.

डबी उघडल्याबरोबर नाकाला झोंबलं. फॉर्मलिन. पशुवैद्याचं त्यात काही चुकलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहायचं असेल तर फॉर्मलिनच हवं. पण डीएनएची ते वाट लावतं. धागे एकमेकांना आणि प्रथिनांना चिकटतात, तुटतात, मग वाचायला उरतात ते चिंध्यांसारखे तुकडे. चुकीची डबी आमच्याकडे पोचली होती, बस.

बरणीत जाडं मीठ होतं. दामूकाकांनी ती उजेडात धरून फिरवली. काका आमच्याकडे काचसामान धुतात आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, सांभाळतात. मूळचे दिवा कोळीवाड्यातले. खाडीत जाळी रिकामी यायला लागली तेव्हा नोकरी धरली.

"बाय, यो कोलनीनी भरलाय," ते म्हणाले. "बग, खाली मीट, वर मीट, मदी तुकरा. आमी मुशी अशीच खारवतो."

मीठ झटकून आत पाहिलं तर सुपारीएवढा तुकडा. एका बाजूला काळसर कातडी, खाली पिवळट चरबी. वासाला सुक्या बाजारासारखा. मिठानं पाणी ओढून घेतलं होतं. पाणी नाही तर जंतू नाहीत, आणि डीएनए कातरणारी विकरंही थंडावतात. देवमासे-डॉल्फिनवर काम करणारे लोक कातडीचे नमुने मिठानं संपृक्त केलेल्या द्रावणात ठेवतात ते याचसाठी. इथं ते द्रावण कोणी बनवलं नव्हतं. नुसतं मीठ भरलं होतं.

चरबी खरवडून टाकली, मसुराएवढी कातडी कापली आणि डीएनए सुटा व्हावा म्हणून रात्रभर ५६ अंशांवर पचायला ठेवली. फॉर्मलिनवाल्यातलाही एक तुकडा लावला, कारण 'अधिकृत' नमुना तोच होता. दुसऱ्या दिवशी पीसीआर केला, म्हणजे हव्या त्या डीएनए-तुकड्याच्या प्रती वाढवल्या, आणि जेल चालवली, म्हणजे त्या लांबीप्रमाणे वेगळ्या केल्या. अधिकृत नमुन्याच्या रांगेत धूर, म्हणजे वरपासून खालपर्यंत पुसट पांढरा पट्टा. बरणीवाल्याच्या रांगेत मात्र साधारण ५०० अक्षरांच्या उंचीवर एकच पट्टा, ठसठशीत, सुरीनं आखल्यासारखा. नमुना न घातलेली रांग कोरी होती, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आमच्या लॅबमध्ये माझा स्वतःचा डीएनए कितीदा 'सापडला' आहे ते मी इथं लिहीत नाही.

वाचायचा तुकडा होता मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातल्या डीएनएचा डी-लूप नावाचा भाग. तो फक्त आईकडून मिळतो, आणि त्यात बदल भराभर साठतात. म्हणून एकाच जातीचे वेगवेगळ्या समुद्रातले कळप ओळखायला तो सोयीचा पडतो.

शनिवारी दुपारी क्रम हातात आला. डीएनए-क्रमांच्या जागतिक साठ्यात जुळवायला टाकला आणि काही सेकंदांत यादी आली. पहिल्या ओळीत 'सौसा चायनेन्सिस', जुळणी नव्व्याण्णव टक्क्यांच्या घरात. हंपबॅक डॉल्फिन, म्हणजे आपल्याकडचा गादा. चला, झालं. मी अहवालाचा साचा उघडला, नाव टाकलं, जुळणीचा आकडा टाकला, शोभेला इंटरनेटवरून त्या जातीचा एक फोटोही चिकटवला. प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवायला निघाले. सर शनिवारी चारला निघतात, आणि ते निघायच्या आत सही झाली तर माझाही रविवार मोकळा.

प्रिंटरजवळ दामूकाका उभे होते. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला.

"यो कंचा?"

"आपलाच, काका. गादा."

"गुलाबी?" काका हसले. "आमचे खारीन असा गुलाबी गादा कंदी पायला नाय. आमचा कालाकुट्ट, पाटीवर उंटासारखा उचवटा."

मी कागद परत घेतला, आणि खरं सांगायचं तर कानाच्या पाळ्या गरम झाल्या. फोटो हाँगकाँगचा होता. तिथले गादे लहानपणी करडे असतात आणि वयात आल्यावर गुलाबी-पांढरे होतात. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे परत गेलं तेव्हाच्या सोहळ्याचं बोधचिन्ह तोच गुलाबी डॉल्फिन होता. आपला मरेपर्यंत करडा राहतो आणि पाठीवर कुबड घेऊन फिरतो.

जागेवर बसून यादी पुन्हा उघडली, या वेळी नावांचा रकाना सोडून नमुना कुठून घेतला तो रकाना वाचत गेले. वरच्या, सगळ्यात जवळच्या नोंदी ओमान आणि अरबी समुद्राकडच्या. चीनच्या किनाऱ्यावरच्या नोंदी बऱ्याच खाली. नाव मात्र दोन्हीकडे एकच. कारण २०१४ पर्यंत बरेच अभ्यासक आफ्रिकेपासून चीनपर्यंतच्या सगळ्या गाद्यांना चायनेन्सिसच म्हणत. त्या वर्षी कवट्या, रंग, कुबड आणि डीएनए एकत्र मांडून या गणाच्या चार जाती केल्या गेल्या. पश्चिम आफ्रिकेचा एक, ऑस्ट्रेलियाचा एक, पूर्वेकडचा चायनेन्सिस, आणि दक्षिण आफ्रिकेपासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतचा सौसा प्लंबिया. प्लंबिया म्हणजे शिशाच्या रंगाचा. गंमत म्हणजे हे नाव नवं नव्हतंच. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युविएनं १८२९ मध्ये ते दिलं होतं, तेही मलबार किनाऱ्यावरून गेलेल्या नमुन्यावरून. आपल्याच किनाऱ्यावरून निघालेलं नाव मधल्या काळात बाजूला पडलं, आणि साठ्यातल्या जुन्या नोंदींवरची लेबलं जुनीच राहिली.

सरांना सांगितलं तर त्यांनी घड्याळ पाहिलं. "हंपबॅक म्हणजे तो गाणारा देवमासा ना?"

तो वेगळा, पण प्रश्न अगदीच वायफळ नव्हता. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे बाकीच्यांसारखे ध्रुवाकडे जात-येत नाहीत, बारा महिने इथंच राहतात. त्यांचा डीएनए सांगतो की साधारण ७०,००० वर्षं ते इतरांपासून तुटलेले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर शेपट्यांच्या फोटोंवरून मोजणी झाली, तर अंदाज आला ८२. त्यांच्यातल्याच दोनशेहून अधिकांना १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी मारलं होतं. लुबान नावाची एक मादी अंगावर उपग्रह-टॅग घेऊन ओमानहून समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. म्हणजे एवढं लांब पोहता येतं, तरी वंश वेगळाच. पाण्यात कुंपण नसतं हे आपलं जमिनीवरच्या माणसांचं म्हणणं.

गाद्याचं तर आणखीच. तो किनारा सोडत नाही, उथळ पाण्यातच असतो. पोरं आईमागून खाडी शिकतात. पश्चिम हिंदी महासागरातल्या एका अभ्यासात मोझांबिक, टांझानिया, ओमान इथल्या कळपांमधले जनुकीय फरक पाण्याचं तापमान, गढूळपणा आणि हरितद्रव्य जिथं बदलतं तिथंच पडलेले दिसले. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला, गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी येतं तिथले गादे आपल्या शेजाऱ्यांहून वेगळे निघाले. एवढं सगळं मी सरांना सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत चायनेन्सिस 'असुरक्षित' आहे आणि प्लंबिया त्याच्या वरच्या पायरीवर, 'संकटग्रस्त'. चुकीचं नाव गेलं तर प्राणी कागदावर एक पायरी सुखरूप होतो.

"क्लायंटला एक नाव हवंय," सर म्हणाले. "निबंध नको."

एक नाव दिलं. सौसा प्लंबिया. पण खाली तीन ओळी घातल्याच : साठ्यात जुळलेल्या नोंदींवर जुनं नाव आहे, निष्कर्ष नमुन्यांच्या ठिकाणांवरून काढलेला आहे, आणि हा एकट्या आईच्या बाजूचा पुरावा आहे, त्यावरून नेमका कळप सांगता येत नाही. सरांनी तिसरी ओळ खोडली. मी परत घातली. त्यांनी सही केली तेव्हा पावणेपाच झाले होते.

ठिकाणाचा रकाना मात्र आमच्याच फॉर्मवर 'ठाणे खाडी' एवढाच भरलेला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदींचा तो रकाना वाचल्यावर तो तसाच सोडायला मन होईना. पंचनाम्यावरच्या वनरक्षकाला फोन लावला.

"ऐरोली पुलाच्या अलीकडे, म्याडम, कांदळवनात अडकलेला. पण तिथंच मेला असं नाही हां. भरतीला कुठून आला कोणाला माहीत."

तेही लिहिलं. अक्षांश-रेखांश त्याच्या मोबाइलमधल्या फोटोवरून मिळाले.

"आणि मिठाची युक्ती कोणाची?"

"ते होय. डॉक्टरांकडची डबी एकच होती, माझ्याकडे स्पिरिट नव्हतं. बंदरावर एक मावशी मासळी सुकवत होत्या, त्यांनी दिलं मीठ. बरणीसकट." तो जरा थांबला. "म्याडम, त्यांनी दोनदा विचारलंय. बरणी परत मिळेल का? लोणच्याची आहे त्यांची."

उरलेला तुकडा मी छोट्या कुपीत हलवून उणे ८० च्या फ्रीजमध्ये ठेवला. दामूकाकांनी बरणी दोनदा ऑटोक्लेव्ह केली, कपड्यानं पुसली, वास घेतला, आणि मान हलवून तिसऱ्यांदा लावली.