फुकट म्हटलं की शंका

काकांनी खिशातून चार घड्या घातलेली पावती काढली आणि टेबलावर ठेवली. ५९९ डॉलर. सॅम डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या साइटवरच्या नोंदणीचं नूतनीकरण.

मी ती दोनदा वाचली. अहो, हे नूतनीकरण फुकट असतं!

काकांचा व्हर्जिनियात ऑफिसं साफ करून देण्याचा धंदा आहे. केंद्र सरकारचं कंत्राट हवं तर या साइटवर नोंदणी लागते, ती दरवर्षी ताजी करावी लागते. तुमची माहितीही तिथे बहुतेक सगळ्यांना दिसते. मग मुदत संपत आली की ती बघून खासगी कंपन्यांच्या सरकारी थाटाच्या ईमेल येतात, खाली "इथे पैसे भरा".

"पण काका, खरी साइट बघितली नाहीत?"

"बघितली की. फुकट लिहिलं होतं, म्हणून वाटलं हीच खोटी असणार."

काय बोलणार? ज्या माणसाने एजंटाशिवाय आरटीओची पायरी चढली नाही, त्याला सरकार फुकटात काही देईल हे पटणार कसं?

बरं, पैसे घेऊनही काम अर्धवटच. पत्त्यातला 'सुइट २' गाळलेला, कागदपत्रांशी मेळ नाही, अर्ज अडकलेला. विजेचं बिल जोडून पाठवलंय, आता वाट बघायची. अशा मदतीसाठी इथे एपेक्स अ‍ॅक्सलरेटरची केंद्रं आहेत, तीही फुकट. पत्ता लिहून दिला.

निघताना काकांनी पाकिटात हात घातला. "तुझे किती गं?"

"काही नाही."

परत तीच संशयाची नजर.