लाकूडच घर, लाकूडच जेवण: कोरड्या लाकडातली वाळवी

कपाटाखाली किंवा पलंगाच्या पायाशी फरशीवर खसखशीसारखे बारीक दाणे पडलेत, झाडून काढले तरी चार दिवसांनी परत त्याच जागी छोटासा ढीग, असं कुणाच्या घरी चालू असेल तर ही पोस्ट नीट वाचा. बहुतेक लोक म्हणतात लाकडाचा भुसा पडतोय. भुसा नाहीये तो. ती वाळवीची विष्ठा आहे, आणि ही वाळवी आपल्याला माहीत असलेल्या मातीच्या रेघा काढणाऱ्या वाळवीपेक्षा एकदम वेगळी आहे. तिचं वागणं वेगळं, म्हणून तिच्यावरचा उपायही वेगळा, आणि ते माहीत नसल्यामुळे ठाणे-नवी मुंबईत लोक चुकीच्या कामावर पैसे घालवतात हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी नेहमीची वाळवी. येऊरला फिरायला जाता तेव्हा वारुळं दिसतात ना, ती मातीतल्या वाळवीची. घरात येणारी वाळवीही बहुतेकदा मातीशी नातं ठेवूनच असते, तिला सतत ओल लागते, म्हणून ती जमिनीतून मातीची नळी बांधत बांधत भिंतीवरून, पाइपाच्या डक्टमधून वर येते, लाकूड खाते आणि परत जाते. तिच्या वसाहतीत लाखो कीटक असू शकतात. आपल्याकडे बिल्डिंग बांधताना जी अँटी-टर्माइट ट्रीटमेंट होते, पायात आणि जोत्याच्या मातीत औषध ओततात ती, आयएस 6313 या भारतीय मानकात सांगितलेली, ती या मातीतल्या वाळवीसाठी आहे आणि त्यासाठी ती चांगलीच आहे.

कोरड्या लाकडातल्या वाळवीला मातीची गरजच नाही. कॅलोटर्मिटिडी नावाचं कुळ आहे, त्यातला घरातल्या लाकडात सगळ्यात त्रास देणारा वंश म्हणजे क्रिप्टोटर्मिस. ही ज्या फळीत राहते तीच फळी खाते. बाहेर जाऊन अन्न आणणं नाही, पाण्यासाठी कुठे जाणं नाही, अख्खी वसाहत जन्मापासून शेवटपर्यंत एका लाकडाच्या तुकड्यात. माझं म्हणणं असं आहे की ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकी सगळं, दाणे का पडतात, माती का दिसत नाही, जमिनीत औषध ओतून काही का होत नाही, आपोआप समजतं.

आता पाण्याचंच बघा. साधारण 12 टक्के किंवा त्याहून कमी ओलावा असलेल्या लाकडातसुद्धा हिचं भागतं. लाकडात जो काही थोडा ओलावा असतो तो आणि अन्न पचताना शरीरात जे पाणी तयार होतं ते, एवढ्यावर ती जगते, आणि ते पाणी वाया जाऊ नये म्हणून विष्ठा बाहेर टाकायच्या आधी आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातलं पाणी पिळून परत शोषून घेतलं जातं. पिळताना त्या भागाच्या सहा पट्ट्यांचा दाब पडतो म्हणून दाण्याला सहा बाजू येतात, प्रत्येक बाजू थोडी आत दबलेली, टोकं गोलसर. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. चिमटीत घेऊन चोळलं तर कडक, खरखरीत लागतात. साधं भिंग असेल किंवा फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढला तर त्या सहा कडा दिसतात, आणि एकदा त्या कडा दिसल्या की विषय संपला, ही कोरड्या लाकडातलीच वाळवी. भुंगेऱ्यांनी लाकूड पोखरलं असेल तर जे पडतं ते बोटाला चिकटणारी मऊ पावडर असते आणि लाकडाला गोल भोकं उघडीच राहतात. तिसरी, मातीतली वाळवी, दाणे टाकतच नाही, ती आपली विष्ठा मातीबरोबर बांधकामात वापरते.

लाकूड खाणं वेगळं आणि पचवणं वेगळं. सेल्युलोज पचवायला या वाळवीच्या आतड्यात एकपेशीय जीव असतात, शेपट्या हलवत फिरणारे, आणि ते स्वतःमध्ये लाकडाचे कण घेऊन फोडतात. 1920 च्या दशकात एल. आर. क्लीव्हलँड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये वाळवी ठेवून हे जीव मारून दाखवले, वाळवी जिवंत राहिली, लाकूड खातही राहिली, आणि तरी काही आठवड्यांत उपाशी मेली. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. कारण पुढे असं आहे की प्रत्येक वेळी कात टाकताना वाळवीच्या आतड्याचं अस्तरही निघून जातं आणि त्याबरोबर हे जीवही जातात, मग ते परत मिळवायला तिला दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वारातून येणारा द्रव प्यावा लागतो. ऐकायला किळसवाणं वाटेल पण म्हणूनच ही एकटी जगूच शकत नाही, तिला कुटुंब लागतंच. वाळवी म्हणजे मुळात झुरळांच्याच वंशातली, 2007 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संशोधकांनी डीएनएवरून तिला झुरळांच्या गणातच ठेवायला हवं असं मांडलं. आजही लाकडात राहून लाकूडच खाणारी, पिल्लांना असंच आतड्यातलं देऊन वाढवणारी झुरळं जंगलात आहेत. म्हणजे एका ओंडक्यात राहून तोच खायचा हा प्रकार खूप जुना, वारूळ बांधणं नंतरचं.

घरटं म्हणून वेगळं काही बांधलेलं नसतं. खाऊन झालेली जागा म्हणजेच खोली. मातीतली वाळवी लाकडाच्या रेषेरेषेने जाते आणि मऊ थर खाऊन कडक थर मागे ठेवते, आत चिखल भरलेला असतो. ही मात्र रेषा आडवी कापत जाते, मऊ-कडक काही बघत नाही, थोडी मोठी दालनं आणि त्यांना जोडणारे अरुंद बोगदे करते, आणि आतल्या भिंती इतक्या स्वच्छ आणि गुळगुळीत की सुताराने पॉलिश पेपर मारलाय असं वाटावं. काही जुनी दालनं दाण्यांनी भरून ठेवलेली असतात. जागा कमी पडली की लाकडाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं, दाणे बाहेर ढकलायचे आणि भोक परत बुजवून टाकायचं. म्हणून खाली ढीग दिसतो पण वर भोक शोधलं तर सापडत नाही. बाहेरचा पातळ पापुद्रा मात्र ही शेवटपर्यंत ठेवते, त्यामुळे कपाट वरून धडधाकट दिसतं आणि बिजागरीचा स्क्रू फिरवायला गेलं की अख्खा आत जातो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की पोकळ आवाज कुठून सुरू होतो ते लगेच कळतं.

नौपाड्यात माझ्या आत्याकडे आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्याखाली दाणे पडायला लागले तेव्हा तिने एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं, त्यांनी भिंत आणि फरशीच्या सांध्याला ओळीने ड्रिल मारून औषध भरलं, सर्टिफिकेट दिलं आणि गेले. कपाटाला हातही लावला नाही. दाणे पडतच राहिले. आत्या मला फोनवर म्हणाली, "अरे, एवढे पैसे घेतले, वॉरंटीचा कागद दिला, आणि हे परत आहेच." मी म्हटलं, आत्या, जमिनीत औषध घातलंय आणि ती जमिनीवर उतरतच नाही, तिला कुठून लागणार?

कपाट पुढे ओढून मागून बघितलं तेव्हा सगळं दिसलं. पुढून पक्का सागवान, पॉलिश, मागच्या फळ्यांना मात्र कधीच काही लावलेलं नव्हतं, आणि त्या फळ्या कडेच्या पांढुरक्या लाकडाच्या. सागाला वाळवी लागत नाही असं आपण म्हणतो ते त्याच्या आतल्या तपकिरी गाभ्याबद्दल खरं आहे, त्यात वाळवीला नको असलेली रसायनं असतात. बाहेरच्या पांढऱ्या भागात ती नसतात, तो साग असला तरी खाल्ला जातो. जुने सुतार हा भाग पुढे वापरत नसत, मागे, आत, ड्रॉवरच्या तळाला लावत. वाळवीने नेमका तेवढाच खाल्ला होता, गाभ्याच्या चौकटी शाबूत.

आत शिरते कशी तर पंख फुटलेल्या जोडीतून. पुरेशी मोठी झालेली वसाहत, बहुतेकदा पाचेक वर्षांनी, पंखवाले नर-मादी बाहेर सोडते, संध्याकाळी-रात्री, दिव्याकडे येतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर जो पंखांचा खच पडतो तो जास्त करून मातीतल्या वाळवीचा, हिचे थोडेथोडेच निघतात म्हणून लक्षातही येत नाहीत. उतरल्यावर पंख गळतात, जोडी एखादी फट, खिळ्याचं भोक, सांधा बघून आत जाते आणि मागून तोंड बंद करून टाकते. पहिल्या वर्षी मोजकीच अंडी. वसाहत सावकाश वाढते, काहीशे, फार तर काही हजार. राणीही वारुळातल्या राणीसारखी फुगत नाही. एकच कपाट पण त्यात दोन-तीन वेगवेगळ्या वसाहती असंही असतं.

कामकरी म्हणून वेगळी जात यांच्यात नसतेच. मोठी झालेली पोरंच सगळं काम करतात आणि त्यातलं कुणीही पुढे सैनिक होऊ शकतं, पंख फुटून उडून जाऊ शकतं, किंवा राजा-राणी मेले तर तिथेच त्यांची जागा घेऊ शकतं. म्हणून राणीला मारलं की संपलं हे हिच्या बाबतीत चालत नाही. क्रिप्टोटर्मिसच्या सैनिकाचं डोकं काळं, जाड आणि पुढून सपाट असतं, मुंगी आत आली की तो बोगद्यात डोकं अडकवून वाट बंद करतो.

आणि लाकूड संपत आलं की यांना कळतं! लाकूड कमी होत गेलं की जास्त पोरं पंख काढून निघायच्या तयारीला लागतात, कारण अन्न संपलं म्हणजे घरही संपलं. डोळे जवळजवळ नसलेल्या या किड्यांना आपण केवढ्या लाकडात आहोत हे कसं कळत असेल याचा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केला, 2005 मध्ये तो छापून आला. कुरतडताना लाकडात जी कंपनं तयार होतात त्यावरून क्रिप्टोटर्मिस डोमेस्टिकस ही याच वंशातली जात तुकडा केवढा आहे याचा अंदाज घेते असं त्यांना दिसलं. मी हे वाचलं त्या दिवसापासून किडा म्हणून हिला कमी लेखणं सोडलं.

आपल्या घरापर्यंत ती आली बहुतेक वेळा सामानातून. क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस ही जगभर पसरलेली जात मूळची पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटी पट्ट्यातली, जहाजांतून आणि फर्निचरमधून सगळीकडे गेली, आणि त्या मूळ जागेबाहेर ती माणसाने वापरलेल्या लाकडातच सापडते.

उपायाचं थोडक्यात सांगतो. औषध लाकडात, ती जिथे आहे त्या दालनात पोचलं पाहिजे, म्हणून ठोकून पोकळ भाग शोधायचा, बारीक ड्रिल मारून इंजेक्शनने भरायचं आणि भोकं बुजवायची, हे काम करणारा माणूस शोधा. वरून रॉकेल पुसल्याने किंवा स्प्रे मारल्याने आतल्यांना काही होत नाही. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर वरचा भाग तापतो पण गाभा तेवढा तापेलच असं नाही. उष्णतेने मारायचं तर जाड लाकडाच्या मध्यापर्यंत ती पोचावी लागते, निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे त्यात गाभ्यात 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं असं सांगितलंय. वायू सोडून धुरी देणं प्रभावी असतं पण ते फक्त प्रशिक्षित लोकांनी, माणसं बाहेर काढून करायचं काम आहे. कुणी कपाटात ठेवायला अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या धान्यातल्या गोळ्या देत असेल तर घरात अजिबात घेऊ नका, त्या वायूने माणसं मेली आहेत.

उपाय झाल्यावरही काही दिवस दाणे पडतात, कारण जुन्या दालनात साठलेले असतात आणि कपाट हललं, दार आपटलं की सांडतात. लगेच घाबरू नका. सगळं व्हॅक्यूम करा, खाली काळा कागद पसरा, कपाट न हलवता थोडे दिवस जाऊ द्या आणि मग बघा. हललं नाही तरी ताजा ढीग येत असेल तर आत अजून कुणीतरी आहे. आत्याकडे मागच्या दोन फळ्या बदलल्या, बाकीच्या ठिकाणी इंजेक्शन मारून घेतलं, आणि मागच्या कोऱ्या लाकडाला बोरेटचं, म्हणजे बोरॉनच्या क्षाराचं, द्रावण लावून ते वाळल्यावर पॉलिशचे हात दिले, कारण पॉलिश किंवा रंग असला की नव्या जोडीला शिरायला जागा मिळत नाही.

ओशिवऱ्याला किंवा चोर बाजारात जुनं फर्निचर घ्यायला जाणार असाल तर पुढचं नक्षीकाम बघायच्या आधी मागची बाजू बघा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा, पाय मुठीने ठोका, सांध्यात आणि कोपऱ्यात दाणे अडकलेत का ते टॉर्चने बघा. दुकानदार फरशी झाडून ठेवतो पण ड्रॉवरच्या मागचा कोपरा सहसा कुणी झाडत नाही.