ओट्याखालचा तिसरा खण

आमच्या ओट्याखालचा तिसरा खण अर्ध्यावर येऊन अडतो, कारण दोरी ओढून भाजी चिरण्याच्या यंत्राची मूठ वरच्या फळीला लागते. हे यंत्र मी महाद्वार रोडवर घेतले. विक्रेत्याने दोरीला चार हिसके देऊन गाजराचा असा एकसारखा चुरा केला, की त्याच्या "बघा की काका, डोळ्यांत पाणी न्हाई, काय न्हाई" या बोलण्यावर शंका घेणे मला अशोभनीय वाटले. घरी आल्यावर कळले, की तांबड्या रश्श्याच्या वाटणाला कांदा हवा असतो तो उभा चिरलेला, आणि यंत्रातून निघतो तो पाणी सुटलेला लगदा. शिवाय पाती धुताना माझे बोट कापले. आई काही बोलली नाही. तिने तिची विळी तेवढी पुढे ओढली आणि उरलेले कांदे चिरायला घेतले.

माझी हौस त्याने कमी झाली नाही. लसूण सोलण्याची रबरी नळी खरोखर काम करते, पण हवी तेव्हा सापडत नाही. सफरचंदाचे आठ भाग करणारे चक्र सफरचंदाइतकेच क्वचित घरात दिसते.

दुधाच्या कुकरला मात्र मी मान देतो. गंगावेशीच्या कट्ट्यावरून समोर धार काढून घेतलेले म्हशीचे दूध तापत ठेवावे आणि वर्तमानपत्र उघडावे, हा माझा जुना अपराध. दूध उतू जाते ते वर साय धरते म्हणून. खालची वाफ अडते आणि सायीसकट सगळे वर उचलते. या भांड्याला दुहेरी भिंत असते आणि मधल्या पोकळीत पाणी घालायचे असते. ते पाणी साधारण 100 अंशांना उकळू लागते आणि त्यापुढे तापत नाही, त्यामुळे दूध तापते पण उसळत नाही, आणि वाफ धरली की शिट्टी वाजते. अट एकच, पाणी घालायला विसरायचे नाही. मी विसरलो. विसराळू माणसासाठी केलेल्या वस्तूत विसरायला एक नवी जागा करून ठेवणाऱ्याचे मला आजही कौतुक वाटते.

या खणातली सर्वांत चमत्कारिक वस्तू म्हणजे वीज गेल्यावर आपोआप लागणारा बॅटरीचा बल्ब. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी केव्हाच मागे टाकली आणि शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत पाणी शिरले, तेव्हा आम्ही घरातले सगळे प्लग काढले, बाकीची बटणे बंद केली आणि वरच्या खोलीत जाऊन त्या बल्बची वाट पाहत बसलो. तो लागेना. त्याचे कारण मला नंतर समजले: वीज गेली आहे, की कोणी बटण बंद केले आहे, हे तो घरातल्या इतर उपकरणांतून आपला मार्ग पुरा होतो का, यावरून ओळखतो, आम्ही तर सावधगिरीने सगळे मार्गच तोडले होते. वैतागून मी तो होल्डरमधून काढला आणि तळाच्या दोन टोकांना तळहात लागताच खोली उजळली. एवढ्याशा कामाला शरीरातून जाणारा नगण्य प्रवाहही पुरतो. पहिला अर्धा तास आईने तो निरांजनासारखा हातात धरला. पुढे भात वाढायला दोन्ही हात हवे झाले, तेव्हा चॉकलेटची चांदी त्या टोकांवर दाबून बसवली; याच कामासाठी खोक्यात आलेली काळी टोपी मी खोक्याबरोबरच रद्दीत दिली होती.

चांदी आता काढली आहे आणि बल्ब पुन्हा तिसऱ्या खणात आहे. खण ढकलताना कधी किसणी त्याच्या टोकांना टेकते आणि फटीतून पांढरा उजेड दिसू लागतो. मग अर्ध्यावर अडणाऱ्या त्या खणात कोपरापर्यंत हात घालून, भाजीच्या यंत्राची पाती चुकवत, तो विझवावा लागतो.